कार्ड एकदा, शुल्क बारा वेळा: फैजपूरच्या एका कुटुंबाच्या विमान तिकिटांचे प्रकरण

फैजपूर, तालुका यावल, येथील एका केळी उत्पादक कुटुंबाने ४ फेब्रुवारी २०२४ रोजी, रविवारी संध्याकाळी, मुंबई ते बंगळुरू आणि परत अशी सहा जणांची विमान तिकिटे घरबसल्या काढली. थोरला मुलगा बंगळुरूत नोकरीला आहे आणि त्याने तेथे घेतलेल्या घराची वास्तुशांती मार्चच्या पहिल्या आठवड्यात होती. कुटुंबप्रमुखांना गावात सगळे नाना म्हणतात, म्हणून येथेही तेच नाव वापरतो. प्रवासाला निघणारे सहा जण म्हणजे नाना, त्यांच्या पत्नी माई, ऐंशी ओलांडलेल्या आजी, लेक, जावई आणि सात वर्षांचा नातू. भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेस थेट बंगळुरूला जाते आणि एरवी नानांनी तीच गाडी धरली असती. परंतु एवढा लांबचा प्रवास आजींच्या गुडघ्यांना झेपणार नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे विमानाचा विचार पुढे आला. जळगावला २०१२ पासून विमानतळ असला तरी तेथून बंगळुरूला थेट विमान नव्हते. म्हणून भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबई आणि तेथून विमान असा बेत ठरला.

तिकिटे जावयांच्या क्रेडिट कार्डावर, विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढली गेली. पैसे भरून झाले, तिकिटे मोबाइलवर आली, आणि दुसऱ्या दिवशी नानांनी ती झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली. कागदावर भाड्याखाली एक ओळ होती: ‘सुविधा शुल्क, ३,९०० रुपये’. तीन दिवसांनी तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवून नाना माझ्याकडे आले. मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून यावल आणि रावेर भागातल्या लोकांना बँका, विमा आणि ग्राहक तक्रारींचे कागद लिहून देण्याचे काम करतो. नानांचा प्रश्न एकाच वाक्याचा होता: “कार्ड एकदाच घासलं ना भो, मग पैसे बारा वेळा कसे घेतले?”

हा प्रश्न मला आजही या विषयातला सर्वांत नेमका प्रश्न वाटतो. कुटुंबाच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, हे प्रकरण सविस्तर नोंदवीत आहे. विमान कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण शुल्काची ही पद्धत एकाच कंपनीपुरती नाही.

कागदावरचे आकडे

संकेतस्थळाच्या पहिल्या पडद्यावर एका प्रवाशाचे एका बाजूचे भाडे ४,१५० रुपये दिसत होते. सहा प्रवासी आणि दोन बाजू म्हणजे बारा आसने, त्यांचे ४९,८०० रुपये झाले. या ४,१५० रुपयांत मूळ भाडे ३,२५० रुपये होते आणि उरलेले ९०० रुपये वस्तू व सेवा कर, विमानतळ विकास शुल्क, विमान सुरक्षा शुल्क अशा बाबींचे होते. येथपर्यंत कोणाचीही तक्रार नव्हती.

त्यानंतर प्रवाशांची नावे, वये आणि मोबाइल क्रमांक भरणे आले. आसन निवडायचे का, जेवण हवे का, जादा सामान आहे का, असे पडदे एकामागून एक आले आणि लेकीने प्रत्येक ठिकाणी ‘नको’ दाबले. पैसे भरण्याच्या पडद्यावर पोहोचेपर्यंत वीस मिनिटे गेली होती आणि वरच्या कोपऱ्यात उरलेली मिनिटे उलटी मोजली जात होती. एकूण रकमेच्या शेजारी एक लहान बाण होता. तो दाबल्यावरच रकमेची फोड उघडत होती आणि त्या फोडीत सुविधा शुल्काची ओळ होती. क्रेडिट किंवा डेबिट कार्ड निवडल्यास प्रति प्रवासी, प्रति बाजू ३२५ रुपये आणि यूपीआय निवडल्यास २२५ रुपये, दोन्ही करासहित. लेकीला एकूण रक्कम वाढलेली दिसली होती. परंतु ती करांची असेल असे समजून तिने पुढे जायचे ठरवले. जावयांच्या कार्डावर बँकेची १,५०० रुपयांची तत्काळ सूट होती आणि कार्ड निवडण्याचे खरे कारण तेच होते. अखेर ४९,८०० अधिक ३,९०० उणे १,५००, म्हणजे ५२,२०० रुपये कार्डावर पडले.

बारा आसनांना प्रत्येकी ३२५ याप्रमाणे ३,९०० हा हिशेब बरोबर जुळतो. प्रश्न त्या गुणाकाराचा आहे. नानांनी हरभरा विकला की बाजार समितीतून जी पट्टी मिळते, तिच्यावर हमाली आणि तोलाई किती मालामागे धरली ते लिहिलेले असते, आणि ते समजण्यासारखे असते. कारण दहा पोती उचलायला एका पोत्याच्या दहापट कष्ट पडतात. सहा जणांचे पैसे एकदम भरताना मात्र कार्डाचा क्रमांक एकदाच टाकला गेला, मोबाइलवर पासवर्ड एकदाच आला आणि बँकेच्या खात्यात नोंदही एकच झाली. हे शुल्क कार्ड स्वीकारण्याच्या खर्चाचे असेल, तर ते माणसांच्या संख्येने आणि बाजूंच्या संख्येने गुणण्याचे कारण काय?

त्याच संध्याकाळी, त्याच मोबाइलवरून, भुसावळ ते मुंबईचे रेल्वे तिकीटही काढले होते. तृतीय श्रेणी वातानुकूलित डबा, एक तिकीट, त्यावर सहा नावे, पैसे यूपीआयने. आयआरसीटीसीचे सुविधा शुल्क १ सप्टेंबर २०१९ पासून वातानुकूलित वर्गासाठी प्रति तिकीट ३० रुपये आणि यूपीआयने भरल्यास २० रुपये, अधिक कर, असे आहे. त्यामुळे सहा जणांच्या त्या तिकिटावर एकूण २३ रुपये ६० पैसे लागले. रेल्वेला कार्डाने पैसे भरल्यास पेमेंट गेटवेचा आकार वेगळा लागतो, हे येथे सांगायला हवे; तरीही मूळ शुल्क तिकिटामागे आहे, माणसामागे नाही. नानांनी दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विमानाच्या कागदावरच्या त्या एका ओळीवर बोट ठेवले.

त्यातील कार्डाचा वाटा किती

नानांच्या कुटुंबात या रकमेला सगळे ‘कार्डाचा दंड’ म्हणत होते. मीही सुरुवातीला तसेच समजलो आणि पहिल्या तक्रारअर्जात ‘क्रेडिट कार्ड अधिभार’ असा शब्द वापरला. ती माझी चूक होती आणि तिचा परिणाम पुढे सांगतो.

कार्डाने पैसे घेणाऱ्या व्यापाऱ्याला प्रत्येक व्यवहारामागे बँकेला काही टक्के द्यावे लागतात. त्याला व्यापारी सवलत दर, म्हणजेच एमडीआर म्हणतात. त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो, काही भाग विसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारख्या जाळ्याला आणि काही भाग व्यापाऱ्याच्या बँकेला मिळतो. डेबिट कार्डासाठी रिझर्व्ह बँकेने या दराला मर्यादा घातलेली आहे. १ जानेवारी २०१८ पासून वर्षाला वीस लाखांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यासाठी ती ०.९० टक्के आहे आणि एका व्यवहारामागे १,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. हा दर ग्राहकाकडून वसूल केला जाणार नाही याची खबरदारी बँकांनी घ्यावी, असेही त्याच परिपत्रकात आहे. त्याआधी सप्टेंबर २०१३ मध्येही डेबिट कार्डाने पैसे देणाऱ्या ग्राहकाकडून टक्केवारीने जादा आकार घेणे समर्थनीय नाही, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवले होते. क्रेडिट कार्डाच्या दराला अशी मर्यादा नाही. तो बँक आणि व्यापारी यांच्या करारावर ठरतो आणि साधारणपणे दीड ते तीन टक्क्यांच्या दरम्यान असतो. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांच्यावर मात्र १ जानेवारी २०२० पासून हा दर शून्य आहे.

आता हे नियम नानांच्या कागदाला लावून पाहू. कंपनीचा बँकेशी झालेला करार आपल्या हाती नाही, म्हणून दोन टक्के दर धरू. ५२,२०० रुपयांचे दोन टक्के १,०४४ रुपये होतात आणि त्यावर १८ टक्के कर धरला तर सुमारे १,२३२ रुपये. कार्ड आणि यूपीआय यांच्या शुल्कातला फरक प्रति आसन १०० रुपये, म्हणजे बारा आसनांचे १,२०० रुपये. हे दोन आकडे इतके जवळ आहेत की कार्डामुळे येणाऱ्या खर्चाचा बोजा कंपनीने या फरकात धरला असावा असे म्हणायला जागा आहे. तेवढ्यापुरते पाहिले तर कंपनीने फार अन्याय केला असे मी म्हणणार नाही. क्रेडिट कार्डाने पैसे भरणाऱ्याला बिनव्याजी मुदत मिळते, बक्षिसाचे गुण (रिवॉर्ड पॉइंट) मिळतात, सूट मिळते. त्याचा खर्च यूपीआयने भरणाऱ्याच्या माथी पडू नये, ही भूमिका रास्त आहे.

पण मग उरलेले २,७०० रुपये कशाचे? यूपीआयने भरले असते तरी ते द्यावे लागले असते, आणि यूपीआयवर व्यापारी सवलत दर शून्य आहे. म्हणजे ३,९०० मधील दोन तृतीयांशांहून अधिक रकमेचा कार्डाशी काहीच संबंध नाही. संकेतस्थळ चालवण्याचा खर्च असतो हे खरे. परंतु ग्राहकाने स्वतः नावे भरली, स्वतः तारखा पाहिल्या, स्वतःच्या कागदावर तिकीट छापले, आणि या स्वयंसेवेला ‘सुविधा’ म्हणून तिचे पैसे पुन्हा त्याच्याकडूनच घेतले. विक्रीचा हा खर्च भाड्यातच धरला असता तर कोणी हरकत घेतली नसती. देशांतर्गत विमानभाडे ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना आहे आणि ४,३७५ रुपये भाडे लावायचे तर तेही लावता येते. आक्षेप एवढाच आहे की पहिल्या पडद्यावर ४,१५० दाखवायचे, ज्या आकड्यावरून माणूस दोन कंपन्यांची तुलना करतो तो आकडा कमी ठेवायचा, आणि जे टाळता येत नाही ते शुल्क वीस मिनिटांनंतर, एका बाणाआड जोडायचे.

माणशी ठरावीक रकमेचा आणखी एक दोष आहे आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही. नानांच्या तिकिटांवर हे शुल्क भाड्याच्या सुमारे ७.८ टक्के पडले. त्याच मार्गावर ऐनवेळी १५,६०० रुपयांचे तिकीट काढणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याला तेच ३२५ रुपये जेमतेम २.१ टक्के पडतात. बँकेला जाणारा दर टक्क्यांत असल्यामुळे महाग तिकिटावर कंपनीचा खर्च जास्त असतो आणि स्वस्त तिकिटावर कमी; वसुली मात्र नेमकी उलटी होते. महिना-दीड महिना आधी, पैशाला पैसा जोडून, कुटुंबासह प्रवास ठरवणाऱ्यावर सर्वाधिक भार येतो. आमच्या भागातून पहिल्यांदा विमानात बसणारी बहुतेक कुटुंबे याच प्रकारची असतात, आणि म्हणून मला हा मुद्दा शंभर-दोनशे रुपयांच्या किरकोळ तक्रारीसारखा वाटत नाही.

हा वाद इतर देशांतही झालेला आहे. ऑस्ट्रेलियात विमान कंपन्या कार्डासाठी माणशी ठरावीक डॉलर घेत असत. तेथील मध्यवर्ती बँकेच्या नियमांनुसार १ सप्टेंबर २०१६ पासून मोठ्या व्यापाऱ्यांना कार्ड स्वीकारण्याच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा अधिक अधिभार घेता येईनासा झाला आणि ठरावीक रकमेऐवजी टक्केवारी आली. ब्रिटनने १३ जानेवारी २०१८ पासून ग्राहकांच्या कार्डांवरील अधिभार बंदच केला. आपल्याकडे अडचण शब्दापासूनच सुरू होते, कारण तिकिटावर ‘कार्ड अधिभार’ असे कोठेही छापलेले नसते. ‘इंधन अधिभार’ असेल तर तो भाड्याचा भाग असतो, पेट्रोल पंपावर कार्डाने भरताना लागणारा अधिभार वेगळा, आणि येथे असते ते ‘सुविधा शुल्क’. नियम एका शब्दाला लागू होतो आणि वसुली दुसऱ्या शब्दाने होते.

एजंटाचा पर्याय

तिकिटे काढण्यापूर्वी नानांनी भुसावळच्या एका तिकीट एजंटाकडे चौकशी केली होती. त्याने भाडे तेवढेच सांगून माणशी जाऊन-येऊन २०० रुपये आपली मजुरी, आणि कार्ड वापरल्यास वर दोन टक्के, असा दर तोंडीच पण सुरुवातीलाच सांगितला होता. घरी बसून फुकट होत असताना १,२०० रुपये कशाला द्यायचे, या विचाराने तो पर्याय सोडला गेला. मजुरीचे १,२०० आणि ४९,८०० चे दोन टक्के ९९६ मिळून २,१९६ रुपये झाले असते. रोख दिले असते तर १,२००. घरबसल्या ३,९०० गेले. कंपनीच्या संकेतस्थळापेक्षा भुसावळच्या दुकानातला माणूस स्वस्त पडला असता आणि त्याने काय घेणार ते आधी सांगितले असते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एजंटाच्या दोन टक्क्यांबाबतही एक बारकावा आहे: डेबिट कार्डावर असा आकार घेणे रिझर्व्ह बँकेच्या भूमिकेविरुद्ध आहे, क्रेडिट कार्डाबाबत मात्र तितका स्पष्ट आदेश नाही. दुसरीकडे, एजंटामार्फत काढलेले तिकीट रद्द केल्यास परतावा देण्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असली तरी त्या वेळच्या नियमांनुसार त्यासाठी तीस कामकाजी दिवसांची मुदत होती. स्वतःच्या क्रेडिट कार्डावर काढलेल्या तिकिटाला सात दिवसांची. नानांच्या प्रकरणात पुढे तिकिटे रद्द करावी लागली, त्यामुळे हा फरक त्यांच्या कामी आला.

दोन तिकिटे रद्द होतात

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आजींचा गुडघा सुजला आणि त्यांना न्यायचे नाही असे ठरले. त्यांच्याजवळ माई थांबल्या. २४ फेब्रुवारीला दोघींची जाण्यायेण्याची, म्हणजे चार आसने रद्द केली गेली. तिकीट काढल्यापासून चोवीस तासांच्या आत, आणि प्रवासाला सात दिवस किंवा अधिक अवधी असेल तर, विनाशुल्क रद्द करण्याची सोय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या तेव्हाच्या नियमांत होती. ती मुदत अर्थातच उलटून गेली होती.

चार आसनांचे १६,६०० रुपये होते. रद्द करण्याचे शुल्क प्रति आसन ३,००० रुपये लागले. हे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा अधिक असू नये असा नियम आहे, आणि मूळ भाडे ३,२५० असल्यामुळे ते नियमात बसत होते. परतावा प्रति आसन १,१५० प्रमाणे ४,६०० रुपये निघाला. त्यातून बँकेने दिलेल्या सवलतीचा प्रमाणशीर भाग, १,५०० चे दोन षष्ठांश म्हणजे ५०० रुपये, कापला गेला आणि पाचव्या दिवशी ४,१०० रुपये कार्डावर जमा झाले. दोघींच्या नावाने घेतलेले सुविधा शुल्क, ३२५ चौक १,३०० रुपये, परत आले नाही.

येथे जावयांच्या मूळ निर्णयाचाही हिशेब मांडला. कार्डामुळे १,२०० जादा आणि सूट १,५००, म्हणजे यूपीआयपेक्षा ३०० रुपयांचा फायदा होता. जावयांनी सूट पाहून कार्ड निवडले होते आणि त्या वेळी ते फायद्याचेच होते. दोन तिकिटे रद्द होताच सूट १,००० वर आली, जादा शुल्क १,२०० वरच राहिले, आणि ३०० रुपयांचा फायदा २०० रुपयांच्या तोट्यात गेला. कार्डावरची सूट तिकिटासोबत मागे घेतली जाते आणि कार्डासाठी दिलेले शुल्क मात्र मागे येत नाही, हे संकेतस्थळावर एकत्र कोठेही लिहिलेले नव्हते. अटींच्या दोन वेगवेगळ्या पानांवर, दोन वेगवेगळ्या परिच्छेदांत होते. जावईबापूंना सासरच्यांसमोर या गोष्टीचे वाईट वाटले. त्यांचा यात काही दोष नाही, हे मी नानांना मुद्दाम सांगितले.

तक्रार आणि तिची उत्तरे

वास्तुशांती आटोपून मंडळी परतल्यावर १२ मार्च रोजी कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेल्या, तक्रारी पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याकडे अर्ज पाठवला. मागण्या तीन होत्या: रद्द केलेल्या चार आसनांचे १,३०० रुपये परत मिळावेत, एका व्यवहारावरचे शुल्क माणसांच्या आणि बाजूंच्या संख्येने गुणण्याचा आधार लेखी कळवावा, आणि टाळता न येणारे शुल्क पहिल्या पडद्यावरच्या भाड्यात दाखवावे.

आठवडाभरात उत्तर आले. कंपनी कोणताही क्रेडिट कार्ड अधिभार आकारत नाही, असे पहिलेच वाक्य होते. मी वापरलेला शब्द तेवढा खोडून काढला गेला आणि मूळ प्रश्न बाजूला राहिला. सुविधा शुल्क हे ऑनलाइन सेवेचे असून ते ना-परतावा आहे व पैसे भरण्यापूर्वी ग्राहकाला दाखवले जाते, एवढेच पुढे लिहिले होते. त्यानंतर अपील अधिकाऱ्याकडे केलेल्या अर्जात मी ‘सुविधा शुल्क’ हाच शब्द कटाक्षाने वापरला आणि कार्ड व यूपीआय यांच्या दरांची वर दिलेली फोड जोडली. जोडीला ‘एअरसेवा’ या सरकारी व्यवस्थेवर आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. दोन्हीकडून तक्रार कंपनीकडेच पाठवली गेली आणि कंपनीचे तेच उत्तर जोडून बंद झाली. एप्रिलमध्ये अपील अधिकाऱ्याचे उत्तर आले: प्रति प्रवासी, प्रति बाजू आकारणी हे कंपनीचे धोरण आहे, १,३०० रुपये देता येणार नाहीत. धोरणाचा आधार काय, याचे उत्तर त्यात नव्हते.

जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचे का, यावर नाना आणि मी एक पूर्ण सकाळ बोललो. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला तेथे दाखल शुल्क नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येत होती, त्यामुळे खर्चाची अडचण मोठी नव्हती. माझे मत मी त्यांना स्पष्ट सांगितले. १,३०० रुपयांच्या परताव्याची मागणी दुबळी होती, कारण शुल्क ना-परतावा असल्याची अट मान्य करूनच पैसे भरले गेले होते. पहिल्या पडद्याबाबतचा मुद्दा मात्र भक्कम होता. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तू किंवा सेवेची एकूण किंमत एकाच आकड्यात, सर्व सक्तीच्या आणि ऐच्छिक आकारांच्या फोडीसह, दाखवणे अपेक्षित आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली, त्यांतील तेरा प्रकारांत किमतीचे घटक सुरुवातीला न दाखवता टप्प्याटप्प्याने उघड करणे हा एक प्रकार आहे. नानांची तिकिटे त्यानंतर दोन महिन्यांनी काढलेली होती. शेवटच्या पडद्यावर फोड दिसत होती, हा कंपनीचा बचाव असता. पहिल्या पडद्यावरचा आकडा कोणत्याही मार्गाने, कोणत्याही ग्राहकाला, प्रत्यक्षात मिळूच शकत नव्हता, हे आपले उत्तर असते. यूपीआय निवडा किंवा कार्ड, त्या संकेतस्थळावर ४,१५० रुपयांत तिकीट मिळण्याची वाटच नव्हती.

या मुद्द्यावर आयोगाचा निर्णय झाला असता तर तो इतरांच्याही उपयोगी पडला असता, आणि म्हणून नानांनी जावे अशी माझी मनापासून इच्छा होती. पण पहिल्या पडद्याचे छायाचित्र कोणी घेतलेले नव्हते. लेकीला ४,१५० हा आकडा पक्का आठवत होता आणि छापील तिकिटावरून तो सिद्धही होत होता. परंतु शुल्काची ओळ किती उशिरा आणि कशी दिसली, हे दाखवणारा कागद आमच्याकडे नव्हता. शिवाय केळीची कापणी तोंडावर आली होती. नानांनी नको म्हटले. तेव्हापासून माझ्याकडे अशा कामासाठी येणाऱ्याला मी पहिली गोष्ट हीच सांगतो की भाडे दिसताच एक आणि पैसे भरण्याआधी एक, अशी मोबाइलच्या पडद्याची दोन छायाचित्रे घ्या, आणि रकमेशेजारचा बाण दाबल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मे महिन्यात आजींचा गुडघा बरा झाला. बंगळुरूच्या नातवाचे नवे घर पाहायचे त्यांनी मनात धरलेच होते. या वेळी नानांनी भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेसचे द्वितीय श्रेणी वातानुकूलित डब्याचे तिकीट काढले, आजी आणि माई दोघींचे एकत्र, आजींना खालची शायिका मिळेल असे पाहून. दुसऱ्या दिवशी ते तिकीट छापून माझ्याकडे घेऊन आले आणि त्यावरची सुविधा शुल्काची ओळ दाखवली. माणसे दोन, तिकीट एक, शुल्क २३ रुपये ६० पैसे.